जॉबकार्डावरची सही

वाघुळदे साहेब मला कधीच आवडले नाहीत. आता ते म्हातारे झालेत, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून आवडून घ्यावेत असंही मला वाटत नाही. माणूस थकला की लोक त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागतात. आमच्या कंपनीतले जुने लोकही हल्ली म्हणतात, "स्वभाव तिखट होता, पण कामात पक्का." कामात पक्का होता हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण मग बाकीचंही लिहून देणार.

सिल्वासाजवळ मसाटच्या इंडस्ट्रियल एरियात आमची खोक्यांची कंपनी आहे. औषधांची, साबणाची, झुरळं मारायच्या जेलची अशी पुठ्ठ्याची खोकी आम्ही छापतो. मी नाशिकहून इथे नोकरीला आले तेव्हा वाघुळदे प्रीप्रेसचे प्रमुख होते. मशीनवर प्लेट चढायच्या आधी जे जे होतं ते सगळं प्रीप्रेस. मुंबईचा नाहीतर वापीचा डिझाइनर फाइल पाठवतो. त्या फाइलीत खरं तर वर्णन असतं. इथे या फॉन्टचं एवढं अक्षर, इथून तिथपर्यंत लाल पट्टा, त्याच्या खाली बाटलीचा फोटो. छपाईच्या मशीनला वर्णन कळत नाही. त्याला ठिपका कळतो, आहे का नाही एवढंच. म्हणून वर्णनाचे ठिपके करून देणारं एक सॉफ्टवेअर मध्ये बसवलेलं असतं, त्याला आम्ही रिप म्हणतो. रिपमधून निघालेले ठिपके प्लेटवर उमटतात आणि प्लेटवरून शाई पुठ्ठ्यावर जाते.

सगळा घोळ होतो तो या रूपांतरात. डिझाइनरने फॉन्ट सोबत पाठवला नाही, तर रिप आपल्या मनाने दुसराच घालतं. फोटो बारीक असेल तर फुगवून चौकटी चौकटी करून ठेवतं. आणि यातलं काहीही झालं तरी ते बोलत नाही, गुपचूप ठिपके करून मोकळं होतं. त्यामुळे रिपवर नजर ठेवणारा माणूस खमका लागतो, आणि वाघुळदेंइतका खमका माणूस वापीपासून सिल्वासापर्यंत दुसरा नव्हता. रिपचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. सेटिंगला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

उंच, वाळका माणूस. गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं भिंग आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं, निळं, लाल आणि हिरवं. हात धुतल्याशिवाय प्लेटला बोट लावायचे नाहीत, आणि दुसऱ्याने लावलं तर त्याचा हात धरून सगळ्यांसमोर हुंगायचे. माझाही हुंगलाय. "वडापाव खाई आली तू," असं मला नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी सात माणसांपुढे सांगितलं. मी खरंच खाऊन आले होते, पण म्हणून काय झालं! दुपारी एक वाजता ते डबा उघडायचे. कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि तोंड भिंतीकडे. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला घासभर विचारलं नाही की कोणाचा घेतला नाही.

मूळचे भुसावळकडचे. रागावले की तिकडचं बोलणं वर यायचं, आणि ते कायम रागावलेलेच असत.

माझा पहिला आठवडा मला चांगला आठवतो. त्यांनी एका साबणाच्या खोक्याची फाइल माझ्यापुढे टाकली. म्हणाले, "यात सात चुका आहेत. काढून दाखव." मी दिवसभर शोधून सहा काढल्या. सातवी काही सापडेना. दुसऱ्या दिवशी परत बसले, तिसऱ्या दिवशी परत. ते येता-जाता विचारायचे, "सापडली का व नाशिकवाली?" शेवटी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंटाळून एका कोपऱ्यातल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही रेघ बारीक आहे, छपाईत तुटेल.

ते खुर्चीत मागे रेलून हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चुका सहाच होत्या," ते म्हणाले. "सातवी तू पैदा केली. घाबरलेलं माणूस चूक नसली तरी दाखवतं, अन् असली तरी दाखवत नाही. मले असं माणूस कामाचं नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शिकवायची ही काय पद्धत झाली? त्यांना हेच नीट सांगता आलं असतं. पण नीट सांगितलं तर समोरच्याचा अपमान कसा होणार.

डिझाइनर लोकांचा तर ते जीव घ्यायचे. एकदा मुंबईहून एक नवी मुलगी स्वतः लॅपटॉप घेऊन आली होती. तिच्या फाइलीत गुजराती मजकूर होता, फॉन्ट सोबत दिलेला नव्हता, आणि आमच्या प्रूफवर गुजरातीच्या जागी नुसते चौकोन आले होते. ती बिचारी लॅपटॉप उघडून दाखवायला लागली. "सर, माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय."

"असं करू," वाघुळदे म्हणाले, "तुझा स्क्रीनच दुकानात ठेवू, त्याच्यात साबण भरून विकू. खोके कशाले छापायचे?"

तेवढ्यावर थांबले नाहीत. ते चौकोनवालं प्रूफ त्यांनी नोटीस बोर्डावर लावलं आणि खाली हिरव्या पेनाने तिचं नाव लिहिलं. ते महिनाभर तिथे होतं. ती मुलगी परत कधी मसाटला आली नाही. "स्क्रीन म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ," असं ते आम्हाला सांगायचे. "तो मुलगा गोराच सांगी, नोकरी मोठीच सांगी. खरं काय ते प्लेटवर कळतं." हे वाक्य आजही मी नव्या पोरांना सांगते. त्यांचं आहे हे मात्र सांगत नाही.

आणखी एक त्यांचं खूळ. ऑफिसातल्या साध्या प्रिंटरवरून कोणी किती कागद काढतो यावर त्यांचा फार डोळा. त्यांनी आयटीवाल्याच्या मागे लागून अशी सोय करून घेतली की जो कोणी प्रिंट देईल त्याचं नाव आणि वेळ कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून यायची. रजेचा अर्ज काढा, रेसिपी काढा, तळाशी तुमचं नाव हजर. मग ते कचऱ्याच्या डब्यातले कागद उचलून वाचायचे आणि नावानिशी झापायचे. आमच्या सगळ्यांची नावं अशी कागदावर आणणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव मात्र कशावर नसायचं. जॉबकार्डावरही नसायचं.

जॉबकार्ड म्हणजे प्रत्येक कामाबरोबर फिरणारा पिवळा पुठ्ठा. त्यावर एक चौकट असते, "प्लेट तपासली", आणि पुढे सहीची जागा. प्लेट प्रूफशी ताडून पाहायची, मग सही करायची, मगच ती मशीनवर जाते. आमच्याकडे प्रत्येक प्लेट वाघुळदे स्वतः पाहायचे. टेबलावरच्या दिव्याखाली ती आडवी धरायचे, भिंग लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचे. दहा दहा मिनिटं मान वर करायचे नाहीत. मग भिंग सोडून म्हणायचे, "कर सही." सही करायची प्लेटरूमच्या माणसाने. खिशात तीन पेनं असूनही त्यांनी त्या चौकटीत एकदाही सही केलेली मी पाहिली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, सही केल्याशिवाय तुम्हाला जबाबदारी कळत नाही, मी तुम्हाला शिकवतोय.

आज त्यांच्या खुर्चीवर मी बसते. प्लेट मी पाहिली तर सही मीच करते. एकही जॉबकार्ड दुसऱ्याकडे सरकवत नाही. या एका गोष्टीत मी वाघुळदे झाले नाही, असं मला वाटायचं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

प्लेटरूमचा माणूस म्हणजे भरत वळवी. नवापूरकडचा, खेरडीत खोली घेऊन राहायचा, सायकलवरून यायचा. वाघुळदे ज्याला कधी "येडा" म्हणाले नाहीत असा आख्ख्या कंपनीतला हा एकटा. भरत कमी बोलायचा आणि त्याच्या हातून प्लेटवर ओरखडा म्हणून यायचा नाही. एकदा वाघुळदेंनी त्याला बोलावून पेपरातला फोटो भिंगाखाली दाखवला होता. "पाही घे. फोटो कुठं आहे? ठिपके आहेत सगळे. लोकांचा डोळा मूर्ख आहे म्हणून आपला धंदा चाली राहिला." भरतने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पण साहेब, लांबून तो माणूस हसतोय ते तर खरंच दिसतं ना." वाघुळदेंनी पेपर उचलून हातभर लांब धरून पाहिला.

तर ते जेलचं खोकं.

झुरळांच्या जेलचं होतं. खोक्याच्या वरच्या झाकणावर लाल पट्टा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात तीन भाषांत सूचना, की हे विष आहे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आता, पांढरी शाई आम्ही वापरत नाही. लाल पट्ट्यात अक्षराएवढी जागा मोकळी सोडायची, तिथे पुठ्ठाच पांढरा दिसतो. पण डिझाइनरच्या हातून चुकून त्या अक्षरांना "खालच्या रंगावरून छापा" असा हुकूम लागलेला होता. स्क्रीनवर ते कळत नाही, अक्षरं छान पांढरी दिसतात. रिपने तो हुकूम तसाच पाळला तर खालचा लाल रंग सलग राहतो आणि वरून छापायला काहीच नसतं. अक्षरं गायब. ही चूक डिझाइनर नेहमीच करतात, म्हणून आमच्या रिपमध्ये एक सेटिंग कायम चालू असायचं, की पांढऱ्याला असा हुकूम दिसला तर तो मानायचा नाही.

प्रूफ आदल्या दिवशी निघालं होतं, बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक घाईचं काम आलं, त्याला फाइलीतले सगळे हुकूम जसेच्या तसे पाळायला हवे होते. वाघुळदेंनी पासवर्ड टाकून ते सेटिंग बंद केलं, ते काम काढलं, आणि सेटिंग परत चालू करायला विसरले. अर्ध्या तासाने जेलच्या खोक्याची प्लेट निघाली. भरत ती घेऊन त्यांच्याकडे गेला. ते फोनवर कोणावर तरी ओरडत होते. प्लेटकडे त्यांनी नजर टाकली न टाकली आणि हातानेच खूण केली, कर सही. इतक्या वर्षांची सवय. साहेबांनी पाहिली म्हणजे पाहिली. भरतने सही केली.

झाकण लहान, त्यावरचा पट्टा लहान. मशीनवाल्याने रंग जुळतोय का एवढं पाहिलं. सगळा लॉट छापून, कापून, चिकटवून गेला आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जेल भरताना कोणाच्या तरी लक्षात आलं, की सूचना कुठे आहे? नुसता लाल पट्टा. ट्रक परत आला. विषाच्या खोक्यावर विष आहे असं लिहिलेलं नव्हतं.

मालक आले, गिऱ्हाइकाचा माणूस आला. कोणीतरी जायला हवं होतं. जॉबकार्ड निघालं, त्यावर भरतची सही. वाघुळदे कॉन्फरन्स रूममधून बाहेर आले ते आमच्याकडे न बघता थेट रिपवर बसले. चौकशी तीन दिवस चालणार होती आणि मग भरतचं काय ते ठरणार होतं. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते.

रिप स्वतःची डायरी ठेवतं. कोण आत शिरलं, काय बदललं, किती वाजता. पाहायला पासवर्ड लागत नाही, फक्त कुठे असते ते माहीत असावं लागतं, आणि ते मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी दुपारी वाघुळदे भिंतीकडे तोंड करून भाकरी खात होते तेव्हा मी ती उघडली. तीन ओळी होत्या. सेटिंग बंद केलं, वाघुळदे, दहा वाजून पन्नास. जेलचं खोकं, प्लेट, अकरा वाजून वीस. सेटिंग चालू केलं, वाघुळदे, आणि ही तारीख होती ट्रक परत आला त्या दिवशीची. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते सेटिंग जागेवर आणायचं.

मी प्रिंट दिली. माझ्या शेजारच्या प्रिंटरवर काहीच आलं नाही. घाबरून परत दिली, तेव्हा आली. घडी घालून पर्समध्ये टाकली.

आता मी काय करणार होते ते सांगते. दुसऱ्या दिवशी तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवणार होते. मग वाटलं, आधी वाघुळदेंनाच विचारावं, त्यांना कबूल व्हायची एक संधी द्यावी. मग वाटलं, भरतची बाजू तसेही ऐकतीलच. मी कंत्राटावर होते. कायम झाल्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं आणि त्यावर शिफारस वाघुळदेंची लागणार होती. हे कारण मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही. पर्स रोज घेऊन जायचे, रोज परत आणायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरतचा हिशेब झाला आणि त्याने सायकल काढली. जाताना तो आमच्या खोलीच्या दारापर्यंत आला, माझ्याकडे पाहिलं, "येतो ताई," म्हणाला. वाघुळदे प्लेटला भिंग लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. तो गेल्यावर कोणाकडेच न बघता म्हणाले, "चांगला कारागीर होता." मला तेव्हा त्यांच्या डोक्यात पंचिंग मशीन घालावंसं वाटलं.

पुढे मी कायम झाले. शिफारशीच्या पत्रावरही त्यांनी सही केली नाही. तोंडी सांगितलं आणि एचआरवाल्याकडून लिहून घेतलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी समोसे होते. कोणी भाषण केलं नाही. त्यांनी भिंग गळ्यातून काढलं नाही, तसंच घरी नेलं, कंपनीचं असून. रिपचा पासवर्ड त्यांनी मला एका चिठ्ठीवर दिला, टाइप करून. हस्ताक्षर नको ना! मी तो पहिल्या तासात बदलला. रिपच्या डायरीचा तो कागद मात्र माझ्या कपाटात राहिला, साड्यांच्या खाली. वर्षातून एकदा हाती लागायचा आणि मी मनात वाघुळदेंना शिव्या घालायचे. शिव्या घातल्या की बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात मला आधारवरचा पत्ता बदलायचा होता. अथालला रस्त्याकडेला झेरॉक्सची दोन-तीन दुकानं आहेत, त्यातल्या रिकाम्या दिसलेल्या दुकानात मी शिरले. काउंटरमागून आवाज आला, "या ताई, बसा ने." भरत होता. केस पिकायला लागलेले, बाकी तसाच. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मुलगी शाळेत जाते म्हणाला. मी उगाच जास्त बोलत होते. उन्हाबद्दल, रस्त्याच्या कामाबद्दल. माझा फॉर्म त्याने भरला आणि आधी एकच प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. "वाचा. बरोबर असेल तर कोपऱ्यात सही करा, मग दुसरी काढतो." ही त्याची पद्धत होती. भिंतीवर गुजराती, हिंदी, मराठी तिन्हीत लिहून लावलं होतं. मी वाचून सही केली.

तेवढ्यात दारात वाघुळदे.

वाकले होते, पण मी एका नजरेत ओळखलं. गळ्यात काळा दोरा, खिशात तीन पेनं. त्यांनी भरतकडे पाहिलं. ओळखलं की नाही मला सांगता येणार नाही. पेनड्राइव्ह पुढे केला. "हे छापी दे भो. दहा प्रती."

भरतने फाइल उघडली. मराठी अर्ज होता, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. वाघुळदेंनी तो मजकूर कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता आणि तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नव्हता.

"काका, फॉन्ट नाही आला बरोबर," भरत म्हणाला.

वाघुळदे स्क्रीनपाशी वाकले. डोळे बारीक केले. मग म्हणाले, "माझ्या घरी तर बरोबर दिसतं."

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, लपवलं नाही. नोटीस बोर्डावरची ती मुलगी तिथे असायला हवी होती. भरत हसला नाही. त्याने जुना फॉन्ट कुठून तरी शोधून घातला, फाइल उघडून पाहिली, पीडीएफ केली. म्हणाला, "आता फॉन्ट आतच बसवलाय. कुठेही उघडा, हेच दिसेल." जे काम वाघुळदे दिवसभर शिव्या घालत, वर उपकार केल्यासारखं करायचे, ते भरतने पाच मिनिटांत केलं.

एक प्रत निघाली. मी वाकून पाहिली. सोसायटीच्या चेअरमनविरुद्ध तक्रार होती, आणि खाली "समस्त रहिवासी" असं लिहून सह्यांसाठी नऊ रेघा मारलेल्या. वाघुळदेंचं नाव कुठेच नव्हतं.

"वाचा साहेब," भरत म्हणाला. दुकानात पहिल्यांदाच साहेब म्हणाला. "बरोबर असेल तर कोपऱ्यात सही करा, मग बाकीच्या काढतो."

वाघुळदेंनी कागद घेतला, भिंग लावलं, वरपासून खालपर्यंत वाचला. चूक नव्हती. हात खिशाकडे गेला, निळं पेन निघालं. टोपण काढलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी दिसले.

"तू नाशिकवाली ना?" पेन माझ्यापुढे आलं. "कर सही."

इतकं सहज, की माझा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता. मग मी तो मागे घेतला आणि म्हणाले, "नाही. तुमचा कागद आहे, तुम्ही करा."

भरत काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एकच पुरे," म्हणाले, आणि पैसे ठेवून बाहेर पडले.

मला विजय झाल्यासारखं वाटत होतं. मी भरतकडे वळले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. की सेटिंग त्यांनी बंद केलं होतं, की माझ्याकडे पुरावा आहे, अजून आहे, हा माणूस किती नालायक आहे ते तुला माहीत नाही.

"माहीत आहे ताई," भरत म्हणाला. "तो कागद माझ्याकडे पण आहे."

मला कळेना.

"तुम्ही प्रिंट दिली ना, ती आधी चुकून प्लेटरूमच्या प्रिंटरवर आली. माझ्याच शेजारी. खाली तुमचं नाव होतं, वेळ पण होती." तो काउंटर पुसत होता. "मी तीन दिवस थांबलो. वाटलं, तुम्ही बोलणार आहात म्हणून काढला असेल."

"मग तू का नाही दाखवलास?"

"खाली तुमचं नाव होतं ने. दाखवला असता तर तुमचं पण काम गेलं असतं. आणि सही तर माझीच होती." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "तुमच्या फॉर्मची दुसरी काढू ना?"

मी हो म्हटलं. त्याच्याकडे बघवेना म्हणून दाराबाहेर पाहत राहिले. रस्त्यापलीकडे वाघुळदे रिक्षाची वाट पाहत उभे होते. तो कागद दोन्ही हातांनी उन्हात आडवा धरून, मान वाकवून, भिंगाने पुन्हा वाचत होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रिक्षा आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. त्यांनी मान वर केली नाही.

मी त्या माणसाचा इतकी वर्षं द्वेष केला तो त्याने कशावरही स्वतःची सही केली नाही म्हणून. मागे प्रिंटर सुरू झाला. भरतच्या प्रकरणात माझी तरी सही कुठे होती.